पाळी जाण्याची वर्षे: ओळखावी कशी, निभवावी कशी

फेब्रुवारी सरत आला की वसमत-कळमनुरीकडे हळदीची काढणी जोरात येते. कुकरजवळ हळद शिजवताना, उन्हात ती पसरताना घाम कोणालाही फुटतो. त्यामुळे पंचेचाळिशीच्या बाईला एकाएकी छातीपासून डोक्यापर्यंत आग उठली, तरी ती म्हणते, "उन्हानं व्हायलंय." रात्री झोप लागत नाही, त्याचे खापर डासांवर आणि गेलेल्या लाइटवर फुटते. चिडचिड वाढते, तर घरचे म्हणतात, "हिचा स्वभावच बदललाय." पाळी दोन महिने येत नाही आणि आली की दहा दिवस थांबत नाही. मग कोणीतरी सल्ला देते, "पिशवी काढून टाक, कटकट मिटेल."

या चारही तक्रारींचे मूळ एकच असू शकते. पाळी कायमची जाण्याआधीची काही वर्षे शरीर असेच वागते. डॉक्टर या काळाला 'पेरिमेनोपॉज' म्हणतात, म्हणजे पाळी जाण्याच्या अलीकडचा-पलीकडचा काळ. हा आजार नव्हे. पण याच वयात काही खरे आजारही सुरू होतात आणि ते पाळीच्या नावाखाली झाकले जातात. नेहमीचे काय आणि धोक्याचे काय, हे वेगळे कसे करायचे, ते आपण एकेका टप्प्याने पाहू.

आधी समजून घेऊ: आत काय घडते

मुलगी जन्मते तेव्हा तिच्या दोन बीजांडकोशांत मिळून साधारण १० ते २० लाख बीजे असतात. बीजांडकोश म्हणजे पिशवीच्या, अर्थात गर्भाशयाच्या, दोन बाजूंना असलेल्या छोट्या ग्रंथी. पदर येईपर्यंत त्यांतली तीन-चार लाख बीजे उरतात. पुढे आयुष्यभरात पिकून बाहेर पडतात ती जेमतेम चारशे-पाचशे. बाकीची आपोआप विरून जातात. ही कणगी एकदाच भरलेली असते, तिच्यात नवे धान्य पडत नाही.

चाळिशीनंतर कणगीचा तळ दिसू लागतो. एखाद्या महिन्यात बीज पिकते, एखाद्या महिन्यात पिकतच नाही. बीजांडकोश दोन मुख्य संप्रेरके बनवतात. संप्रेरक म्हणजे रक्तातून फिरून अवयवांना काम सांगणारे द्रव्य. पहिले इस्ट्रोजेन. त्याने पिशवीचे आतले अस्तर वाढते, हाडे टिकतात आणि योनीमार्गाचा ओलावा राहतो. दुसरे प्रोजेस्टेरॉन. ते बीज पिकल्यावरच तयार होते आणि अस्तराच्या वाढीला आवर घालते.

बीज पिकले नाही की प्रोजेस्टेरॉन नाही. मग अस्तर वाढतच जाते आणि जेव्हा सुटते तेव्हा धो-धो जाते. पाळी लांबणे आणि नंतर भरपूर जाणे, या दोन्हींचे कारण बहुतेक वेळा हेच असते. म्हणजे पिशवी 'खराब' झालेली नसते, तिला मिळणारा निरोप अनियमित झालेला असतो.

भारतात पाळी साधारण ४६-४७ व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य देशांत सुमारे ५१ व्या वर्षी. त्याआधीची चार-पाच वर्षे बदलांची असतात, म्हणून आपल्याकडे चाळिशीच्या सुरुवातीलाही लक्षणे दिसू शकतात. आईची किंवा मोठ्या बहिणीची पाळी कोणत्या वर्षी गेली, हे विचारून ठेवा. त्यावरून बराच अंदाज येतो.

चाळिशीच्या आत पाळी बंद झाली असेल, तर मात्र "लवकर सुटले" म्हणून गप्प राहू नये. हाडांचे आणि हृदयाचे इस्ट्रोजेनचे संरक्षण फार लवकर जाते. अशा वेळी तपासणी आणि उपचार दोन्ही लागतात.

पहिली पायरी: तारीख लिहा

स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेले असतेच. पाळी आली त्या तारखेला गोल करा, थांबली त्या तारखेला फुली मारा. फार गेले असेल तर गोलाखाली दोन रेघा ओढा. अंगात भडका उठला किंवा रात्री घामाने जाग आली, तर त्या दिवशी एक टिंब द्या. लिहिता-वाचता येत नसले तरी एवढे जमते.

तीन-चार महिन्यांच्या खुणांतून चित्र दिसू लागते. एका पाळीपासून पुढच्या पाळीपर्यंतचे अंतर सात किंवा अधिक दिवसांनी मागेपुढे होऊ लागले आणि असे पुन्हा पुन्हा घडले, तर बदलाचा पहिला टप्पा सुरू झाला. पाळी सलग ६० दिवस किंवा त्याहून जास्त आलीच नाही, तर दुसरा टप्पा. जगभरच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये आणि पुन्हा २०११ मध्ये एकत्र येऊन हे टप्पे ठरवले. सलग बारा महिने पाळी आली नाही, की ती गेली असे म्हणायचे. त्याआधी नाही.

इथे होणारी नेहमीची चूक म्हणजे पाच-सहा महिने पाळी आली नाही की "गेली" असे धरणे. सातव्या महिन्यात ती आली, तर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू करायची.

दुसरी चूक आपल्याकडे फारच होते. महालक्ष्म्या बसायच्या असतात, महाशिवरात्रीला औंढ्याला जायचे असते, घरात लग्न असते, म्हणून मेडिकलमधून पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या आणल्या जातात. त्यात प्रोजेस्टेरॉनसारखे औषध असते. गोळ्या थांबल्या की काही दिवसांत रक्तस्राव होतो. तो गोळ्यांमुळे होतो, शरीराच्या आपल्या क्रमाने नव्हे. अशा गोळ्या घेतल्या असतील, तर कॅलेंडरवर तसे लिहा आणि डॉक्टरांना सांगा, नाहीतर सगळा हिशेब चुकतो. चाळिशीनंतर त्या विचारल्याशिवाय घेऊच नयेत. रक्तदाब, पायाच्या शिरेतली गुठळी किंवा यकृताचा आजार असेल, तर धोका वाढतो.

दुसरी पायरी: लक्षण ओळखा

अंगातला भडका, ज्याला डॉक्टर 'हॉट फ्लश' म्हणतात, ओळखायला सोपा असतो. तो अचानक येतो. छातीत सुरू होऊन मान, चेहरा, डोके असा वर चढतो. छातीत धडधडते, दरदरून घाम फुटतो आणि एक ते पाच मिनिटांत उतरतो. मागून कधी थंडी वाजते. उन्हाचा उकाडा सावलीत बसल्यावर हळूहळू कमी होतो. भडका सावलीतही येतो आणि पौषातल्या थंडीत पहाटे तीनलाही येतो. मेंदूत शरीराचे तापमान सांभाळणारे एक केंद्र असते. इस्ट्रोजेन घटल्यावर ते फार हळवे होते आणि किंचित उष्णता वाढली तरी सगळी घर्मद्वारे उघडते. भडका येतो तो यामुळे.

काही जणींना तो कधीच येत नाही, काहींना दिवसातून दहा वेळा येतो. तो काही महिन्यांतच जाईल असे नाही. अनेकींना पाच-सात वर्षेही राहतो.

भडक्याखेरीज आणखी काही बदल दिसतात. झोप मोडते. मन उदास किंवा चिडचिडे होते. नावे, वस्तू विसरायला होते. सांधे आखडतात. योनीमार्ग कोरडा पडतो आणि संबंधाच्या वेळी दुखते. लघवी वारंवार लागते, जळजळते, खोकताना-शिंकताना थेंब गळतो. एका बाईत ही सगळी लक्षणे एकदम दिसत नाहीत.

धडधड, भीती, रात्री दचकून उठणे याला कधी "बाहेरचं" समजून उतारे-अंगारे सुरू होतात. श्रद्धा ज्याची त्याला. पण त्याच आठवड्यात रक्तदाब मोजून आणि रक्त तपासून घ्यावे, एवढे तरी व्हावेच.

तिसरी पायरी: दुसरे काही नाही ना, हे पाहा

पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईची पाळी अनियमित असेल आणि भडके येत असतील, तर निदानासाठी महागड्या संप्रेरक-तपासण्या लागत नाहीत. या काळात संप्रेरकांची पातळी आठवड्या-आठवड्याला वरखाली होते, त्यामुळे एका दिवसाच्या आकड्यावरून काही ठरत नाही. पंचेचाळिशीच्या आत मात्र डॉक्टर त्या सांगू शकतात.

त्यापेक्षा पुढच्या साध्या तपासण्या जास्त कामाच्या आहेत.

हिमोग्लोबिन: बाईच्या रक्तात ते १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर रक्तक्षय, म्हणजे पंडुरोग. थकवा, धाप, धडधड ही त्याचीही लक्षणे आहेत.

थायरॉइड: गळ्यातली ही ग्रंथी मंदावली तर वजन वाढते, पाळी बिघडते, उदास वाटते. ती जास्त चालली तर घाम आणि धडधड होते. दोन्ही प्रकार पाळी जाण्यासारखेच दिसतात.

साखर आणि रक्तदाब: वारंवार लघवी लागणे आणि खालच्या जागी खाज येणे हे मधुमेहाचेही लक्षण असू शकते.

गर्भ: कुटुंब नियोजनाचे ऑपरेशन झालेले नसेल आणि पाळी चुकली असेल, तर आधी लघवीची चाचणी करा. आशाताईकडे त्याची पट्टी मिळते. चाळिशीनंतर बीज कधीतरी पिकतेच, त्यामुळे "आता काय राहणार" हे गृहीत धरू नका.

छातीत दुखणे, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाणे, चालताना दम लागणे हे भडक्याबरोबर असेल, तर पाळीचा विचार बाजूला ठेवून सरळ रुग्णालय गाठा.

चौथी पायरी: अंगावरून जास्त जाते, तेव्हा

"जास्त" म्हणजे किती, हे ठरवायला मोजमाप हवे. पॅड किंवा कापड तासा-दोन तासांत चिंब होऊन सतत बदलावे लागणे, दहा रुपयांच्या नाण्याएवढ्या किंवा मोठ्या गुठळ्या पडणे, सात दिवसांपेक्षा जास्त जाणे, २१ दिवसांच्या आत पुन्हा येणे, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा संबंधानंतर रक्त दिसणे. यांतले काहीही असेल तर तपासणी हवी. चक्कर येत असेल आणि तासाला पॅड भिजत असेल, तर सकाळची वाट पाहू नये.

डॉक्टर आतून तपासतील, सोनोग्राफी सांगतील. वय ४५ च्या पुढे असेल तर पिशवीच्या अस्तराचा छोटा तुकडा घेऊन तपासायलाही सांगतील. या तपासणीला घाबरू नये. अस्तरात कर्करोगाची किंवा त्याच्या आधीची वाढ आहे का, हे त्यातूनच कळते.

बहुतेक वेळा उपचार गोळ्यांनी सुरू होतात. रक्तस्राव कमी करणारी ट्रॅनेक्झॅमिक अ‍ॅसिडसारखी औषधे पाळीच्या दिवसांतच घ्यायची असतात. अस्तर आवरणाऱ्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या असतात. तांबीसारखेच दिसणारे, पण संप्रेरक सोडणारे साधन पिशवीत बसवता येते. ते काही वर्षे काम करते आणि अनेकींचे शस्त्रक्रियेवाचून भागते. जोडीला लोहाच्या गोळ्या. त्या चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नयेत, दोन तासांचे अंतर ठेवावे. लिंबूपाण्याबरोबर घेतल्यास लोह चांगले अंगी लागते.

पिशवी काढायला सांगितले, तर

मराठवाड्याला हा विषय परका नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये उघडकीला आले. राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. पाळीच्या दिवसांत खाडा झाला तर पैसे कापले जातात, शेतात आडोसा नाही, पाणी नाही. या सगळ्याला कंटाळून आणि कर्करोगाच्या भीतीने तिशीतल्या बायकाही शस्त्रक्रियेला तयार झाल्या होत्या. पुढे ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने तयार केलेल्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात, असा आदेश दिला.

पिशवी काढणे कधी कधी खरेच गरजेचे असते: कर्करोग, औषधांना दाद न देणारा रक्तस्राव, फार मोठ्या गाठी. पण अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते, सोनोग्राफीत "पिशवीला सूज" लिहिले आहे, एवढ्यावर ती काढायची नसते. लहान गाठी पाळी गेल्यावर सहसा आपोआप आक्रसतात. म्हणजे ४७ व्या वर्षी औषधांवर वर्ष-दोन वर्षे काढता आली, तर कदाचित शस्त्रक्रियेची वेळच येत नाही.

म्हणून तीन प्रश्न विचारा. नक्की आजार काय आहे? औषधाने किंवा साधनाने किती दिवस प्रयत्न करता येईल? पिशवीबरोबर बीजांडकोशही काढणार का? तिसरा प्रश्न बहुतेक जणी विचारतच नाहीत. बीजांडकोश काढले की इस्ट्रोजेन एका दिवसात तुटते, भडके तीव्र येतात, हाडे लवकर विरळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. ते राखले तरी पिशवी काढलेल्या बायकांमध्ये हा बदल थोडा लवकर येण्याची शक्यता असते. मग पाळी नसल्याने मोजायलाही काही उरत नाही, केवळ लक्षणांवरून ओळखावे लागते.

शस्त्रक्रियेची घाई नसेल तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचे मत घ्या, शक्यतो सरकारी रुग्णालयात. आधीच पिशवी काढलेली असेल, तर शस्त्रक्रियेचा कागद शोधून बीजांडकोश ठेवले की काढले ते वाचून घ्या.

पाचवी पायरी: भडके आणि झोप

घरच्या घरी काय करता येते? सुती, सैल, एकावर एक असे कपडे घाला, म्हणजे वरचा काढता येतो. उकळता चहा, फार तिखट जेवण, दारू यांनंतर भडका येतो का, ते कॅलेंडरवरच्या टिंबांवरून पाहा आणि आपल्याला जे बाधते तेवढेच कमी करा. हळदीच्या दिवसांत कुकरजवळचे काम आळीपाळीने करा आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा. भडका येऊ लागला की सावकाश, पोटातून श्वास घ्या. तंबाखू कोणत्याही रूपात नको, त्यात मिश्रीही आली. बिडी-सिगारेटने तर पाळी एक-दोन वर्षे आधी जाते.

झोपेसाठी उठण्याची वेळ रोज एकच ठेवा. दुपारी चारनंतर चहा नको. रात्री उशाशी ओला रुमाल असू द्या. झोपेच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका, त्यांची सवय लागते.

याने भागले नाही तर औषधे आहेत. सर्वांत परिणामकारक म्हणजे संप्रेरक उपचार: कमी पडलेले इस्ट्रोजेन गोळी, जेल किंवा पट्टीतून देणे. पिशवी असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन द्यावेच लागते, नाहीतर अस्तर वाढून कर्करोगाचा धोका निर्माण होतो.

या उपचाराची भीती २००२ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासानंतर जगभर पसरली. त्यात स्तनाच्या कर्करोगाचा आणि रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढलेला दिसला. पण त्यातल्या बायकांचे सरासरी वय ६३ होते. पुढच्या अभ्यासांतून असे स्पष्ट झाले, की साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू केला, तर बहुतेक निरोगी बायकांना तोट्यापेक्षा फायदा जास्त होतो. स्तनाचा कर्करोग झालेला असेल, गुठळी, पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, यकृताचा गंभीर आजार असेल, किंवा रक्तस्रावाचे कारण सापडलेले नसेल, तर हा उपचार देत नाहीत. अशांसाठी संप्रेरक नसलेली औषधेही आहेत. निर्णय डॉक्टरांबरोबर बसून घ्यावा. मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून औषध आणू नये.

सहावी पायरी: मन

पंचेचाळिशीत संसाराचे ओझेही शिगेला असते: मुलीचे लग्न, मुलाची नोकरी, सासू-सासऱ्यांचे आजारपण, शेतीचे कर्ज. सगळी उदासी संप्रेरकांच्या माथी मारता येत नाही. पण ज्यांना आधी बाळंतपणानंतर नैराश्य आले होते, त्यांना या काळात ते पुन्हा येण्याची शक्यता जास्त असते.

दोन आठवडे सतत रडू येणे, कशातच मन न लागणे, जेवण तुटणे, जीव नकोसा वाटणे, असे असेल तर त्यावर उपचार आहेत. १४४१६ हा 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक आहे. तो दिवसरात्र सुरू असतो आणि मराठीतही बोलता येते.

सातवी पायरी: ज्याबद्दल बोलले जात नाही

भडके काही वर्षांनी ओसरतात. योनीमार्गाचा कोरडेपणा मात्र उपचाराशिवाय बहुधा वाढत जातो. संबंधाच्या वेळी दुखते, बाई टाळते, नवऱ्याला वाटते हिचे मन उडाले. दोघांत अबोला येतो आणि कारण कोणीच बोलत नाही. पाण्यासारखे वंगण-जेल मेडिकलमध्ये मिळते. त्याने भागले नाही तर योनीमार्गात लावायचे इस्ट्रोजेनचे मलम डॉक्टर देतात. ते तिथल्या तिथे काम करते, रक्तात फारच थोडे उतरते. जळजळ आणि वारंवार होणारा लघवीचा जंतुसंसर्गही त्याने कमी होतो. साबणाने किंवा डेटॉलने आतून धुऊ नये, कोरडेपणा वाढतो.

लघवी गळत असेल तर ओटीच्या स्नायूंचा व्यायाम करा. लघवी रोखताना जे स्नायू आवळतो, तेच पाच सेकंद आवळून धरा आणि पाच सेकंद सोडा. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा, निदान तीन महिने. भाकरी करतानाही कोणाला न कळता होतो. प्रत्यक्ष लघवी करताना मात्र हा व्यायाम करू नये.

खाली काही उतरल्यासारखे वाटत असेल, अंग बाहेर येत असेल, तर लाजू नका. त्यासाठी आत बसवायची कडी मिळते, गरज पडल्यास शस्त्रक्रियाही होते. तोवर डोक्यावर भारे उचलणे टाळा.

आठवी पायरी: हाडे आणि ताट

पाळी जाण्याच्या आसपासच्या काही वर्षांत हाडे झपाट्याने विरळ होतात. दुखत नाही, म्हणून कळत नाही. साठीनंतर साध्या पडण्याने मनगट किंवा खुबा मोडतो, तेव्हा कळते.

पाळी गेलेल्या बाईला दिवसाला सुमारे १,२०० मिलीग्रॅम कॅल्शियम लागते. ग्लासभर, म्हणजे २०० मिली, दुधात साधारण २४० मिलीग्रॅम असते. घरचे दूध डेअरीला घालून बाईच्या वाट्याला काळा चहा येत असेल, तर हे गणित जुळत नाही. दही, ताक, तिळाची चटणी, राजगिऱ्याची आणि शेवग्याची भाजी रोज ताटात काहीतरी असावे. कमी पडेल तेवढ्यापुरती गोळी.

प्रथिनांसाठी सोयाबीन आपल्या शिवारातच पिकते. त्यात इस्ट्रोजेनशी थोडे साम्य असलेले घटक असतात. भडके त्याने काही जणींचे थोडे कमी होतात, काहींना फरक पडत नाही. पण प्रथिने मिळतातच. कच्चे सोयाबीन पचत नाही. ते उकळून, वाळवून, दहा भाग पिठात एक भाग असे दळावे.

दिवसभर निंदणी-खुरपणी करणाऱ्या बाईला वेगळ्या चालण्याची गरज नाही, तिला विश्रांती आणि पोटभर जेवण हवे. जिचे काम बसून आहे तिने मात्र रोज अर्धा तास भरभर चालावे आणि हाताचा आधार न घेता खुर्चीवरून दहा-पंधरा वेळा उठबस करावी.

कुठे जावे, काय न्यावे

सुरुवात गावातल्या उपकेंद्रापासून करा. त्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथे रक्तदाब आणि साखर पाहतात. तीस वर्षांपुढच्यांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची प्राथमिक तपासणीही सरकारी आरोग्य केंद्रांतून होते. पुढे प्राथमिक आरोग्य केंद्र, मग ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय आणि हिंगोलीचे जिल्हा रुग्णालय. हिंगोलीत २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत, त्यामुळे केसपेपरच्या पैशांसाठीही अडायला नको.

जाताना कॅलेंडरची पाने, चालू गोळ्यांची पाकिटे, जुन्या सोनोग्राफीचे कागद न्या. मुख्य तक्रार पहिल्या वाक्यात सांगा. "अशक्तपणा आहे" म्हटले की सलाईन मिळते. "तीन महिन्यांत दोनदा बारा-बारा दिवस गेले, गुठळ्या पडल्या" म्हटले की तपासणी होते.

बारा महिने झाल्यावर

कॅलेंडरवर वर्षभर एकही गोल नाही, म्हणजे पाळी गेली. ऑपरेशन झालेले नसेल तर गर्भनिरोधक लगेच सोडू नका. पन्नाशीच्या आत पाळी गेली असेल तर शेवटच्या पाळीनंतर दोन वर्षे, पन्नाशीनंतर गेली असेल तर एक वर्ष वापरा. आत तांबी असेल तर ती तशीच विसरू नका, काढून घ्या.

यापुढे दरवर्षी रक्तदाब, साखर, वजन पाहा आणि सांगितलेल्या अंतराने कर्करोग-तपासणी करा. हृदयविकाराचा धोका आता पुरुषांच्या बरोबरीने वाढू लागतो.

आणि एक नियम घरातल्या सगळ्यांना ठाऊक असू द्या. बारा महिन्यांनंतर रक्ताचा एक डाग जरी दिसला, तरी ती "परत आलेली पाळी" नसते. दहांतल्या सुमारे नऊ जणींत कारण साधे निघते: कोरडेपणा, अस्तराचा पातळपणा, छोटा कोंब. दहावीला पिशवीच्या अस्तराचा कर्करोग असू शकतो. तो लवकर सापडला तर बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो. म्हणून डाग दिसला तर सुगी, लग्न, वारी काहीही असो, त्याच आठवड्यात तपासून घ्या.